दुहेरीतले दुय्यमपण

११ जुलै २०१५ रोजी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला दुहेरीचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा त्या दिवसाचे मुख्य कार्य आटोपलेले होते. सेरेना विल्यम्सने गार्बिने मुगुरुझाला हरवून लागोपाठ चौथे ग्रँड स्लॅम विजेतेपद खिशात टाकले होते, छायाचित्रकारांनी आपली छायाचित्रे टिपली होती आणि वार्ताहर दुसऱ्या दिवशीच्या फेडरर-जोकोविच लढतीच्या बातम्यांची जुळवाजुळव करीत होते. दिवसाच्या उरल्यासुरल्या उजेडात चार बायका कोर्टवर उतरल्या. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगीस या अग्रमानांकित जोडीसमोर एकतेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना ही दुसरे मानांकन असलेली रशियन जोडी होती. पहिला सेट रशियन जोडीने ७-५ असा घेतला, दुसरा सानिया-हिंगीसने टायब्रेकरवर ओढून आणला आणि तिसऱ्यात त्या २-५ अशा मागे पडल्या. तेथून ५-५ अशी बरोबरी झाली आणि उजेडाने दगा दिला. सामना थांबवून छप्पर ओढले गेले, दिवे लागले. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर सानिया-हिंगीसने उरलेले दोन्ही गेम घेतले. ५-७, ७-६, ७-५. भारतात तोवर मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती.

ग्रँड स्लॅम स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवणारी सानिया ही पहिली भारतीय स्त्री. यापूर्वी तिच्या नावावर तीन मिश्र दुहेरी विजेतेपदे होती : महेश भूपतीसह २००९ ची ऑस्ट्रेलियन आणि २०१२ ची फ्रेंच, आणि ब्रुनो सोआरेससह २०१४ ची अमेरिकन. अभिनंदनाचा वर्षाव झाला, हे सांगायला नकोच. पण त्या कौतुकाला एक शेपूट होते आणि ते शेपूट आपल्याकडे प्रत्येक वेळी असते. 'शाब्बास, पण दुहेरीच ना!' लिअँडर पेस, भूपती, सानिया, रोहन बोपण्णा अशा भारताच्या एकाही ग्रँड स्लॅम विजेत्याची या 'पण'मधून सुटका झालेली नाही. एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरी, अशी आपली एक ठाम समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, आणि ती केवळ प्रेक्षकांची आहे की टेनिसचा व्यवहार चालवणाऱ्यांचीही, हे तपासायला हाच सामना पुरेसा आहे.

प्रथम खेळाकडे पाहू. एकेरीचे कोर्ट २७ फूट रुंद असते, दुहेरीचे ३६ फूट. म्हणजे रुंदी एक-तृतीयांशाने वाढते आणि माणसे मात्र दुप्पट होतात. एकेरीत ज्या मोकळ्या जागेत चेंडू मारून गुण मिळतो, ती जागाच येथे उरत नाही. ती तयार करावी लागते. एकीने असा फटका मारायचा की समोरच्या दोघींपैकी एकीला एक पाऊल चुकीच्या दिशेने टाकावे लागेल, आणि दुसरीने त्या पावलाने उघड्या पडलेल्या फटीत चेंडू सारायचा. ज्या फटक्याने गुण मिळाला तो टाळ्या घेतो. ज्या फटक्याने तो मिळवून दिला तो बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकेरीत उत्तम ठरणारा खोल, जोरकस परतीचा फटका येथे घातक ठरू शकतो, कारण तो कंबरेच्या उंचीवर आला की नेटजवळ उभी असलेली प्रतिस्पर्धी त्यावर झडप घालते. म्हणून दुहेरीतील परतीचा फटका कोनात, खाली, सर्व्हिस करून पुढे येणारीच्या पायांशी पडावा लागतो. पाठीमागे हात नेऊन बोटांनी केलेल्या खुणा, दर गुणानंतरची ती अर्ध्या मिनिटाची कुजबुज, भागीदार डावीकडे सरकली की आपण उजवीकडे सरकण्याची ती अंगवळणी पडलेली हालचाल, हे सगळे एकेरीत लागतच नाही.

सानिया-हिंगीस जोडीचे सामर्थ्य या दृष्टीने पाहावे. सानियाचा फोरहँड हा महिला टेनिसमधील अत्यंत जोरकस फटक्यांपैकी एक होता. तिची दुसरी सर्व्हिस, तिचा कोर्टवरचा वावर आणि नेटजवळचा खेळ यांबद्दल मात्र तिचे चाहतेही फारसे छातीठोकपणे बोलत नसत. हिंगीसचे नेमके उलटे. तिच्याकडे जोर कधीच नव्हता. सोळाव्या वर्षी, १९९७ मध्ये, ती एकेरीत जगात पहिली आली ती चेंडू कोठे येणार हे इतरांच्या आधी ओळखण्याच्या बळावर. पुढे विल्यम्स भगिनींच्या ताकदीपुढे एकेरीत त्या बुद्धीचे चालेना. दुहेरीत सानियाने ड्यूसच्या बाजूला उभे राहून फोरहँडने प्रतिस्पर्ध्यांना मागे रेटायचे आणि त्यांच्याकडून आलेला अर्धवट चेंडू हिंगीसने नेटजवळ टिपायचा, अशी ही साधी वाटणारी वाटणी होती. एकीचे उणे दुसरीच्या अधिकाने भरून निघत होते. दोन अपुऱ्या खेळाडूंची बेरीज एवढेच ते असते, तर जगातील कोणत्याही दोघी एकत्र येऊन जिंकल्या असत्या. तसे होत नाही.

समोरची जोडीही कच्ची नव्हती. माकारोवा डावखुरी, वेस्निना उजवी. दोघींनी २०१३ ची फ्रेंच आणि २०१४ ची अमेरिकन स्पर्धा जिंकली होती, आणि पुढे २०१६ चे रिओ ऑलिम्पिक सुवर्ण व २०१७ चे विम्बल्डनही त्यांनी जिंकले. शिवाय त्या 'एकेरीत न जमलेल्या' मुळीच नव्हत्या. माकारोवाने २०१४ च्या अमेरिकन आणि २०१५ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीची उपांत्य फेरी गाठली होती. वेस्निना आणि सानिया यांचे तर जुने नाते. २०११ च्या फ्रेंच स्पर्धेत या दोघी भागीदार म्हणून अंतिम फेरीत पोचल्या होत्या आणि आंद्रेआ लावाचकोवा-लुसी राडेका या चेक जोडीकडून हरल्या होत्या. म्हणजे सानियाला पहिले महिला दुहेरी विजेतेपद मिळवण्यासाठी जिच्याबरोबर ते चार वर्षांपूर्वी हुकले तिलाच हरवावे लागले. आणि पुढे जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या अंतिम फेरीत सानिया-हिंगीससमोर आली ती तीच चेक जोडी. दुहेरीचे विश्व एवढे लहान आहे. आजची भागीदार उद्याची प्रतिस्पर्धी असते आणि तुमच्या सर्व्हिसची, तुमच्या घाबरण्याच्या क्षणांची तिला खडान्‌खडा माहिती असते.

दुहेरी नेहमीच अशी सावत्र नव्हती. विम्बल्डनमध्ये महिला दुहेरीला अधिकृत विजेतेपदाचा दर्जा मिळाला १९१३ साली. त्यानंतरच्या दोन दशकांत एलिझाबेथ रायन या अमेरिकन खेळाडूने तेथे १२ महिला दुहेरी आणि ७ मिश्र दुहेरी अशी १९ विजेतेपदे मिळवली. एकेरीचे एकही नाही. तो १९ चा विक्रम जवळजवळ अर्धे शतक टिकला. १९७९ मध्ये बिली जीन किंगने मार्टिना नवरातिलोवाच्या साथीने महिला दुहेरी जिंकून विसावे विजेतेपद मिळवले आणि तो मोडला. आदल्याच दिवशी रायन यांचे विम्बल्डनमध्ये निधन झाले होते. किंगच्या त्या २० पैकीही एकेरीची केवळ सहाच आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर यांनी १९८३ ते १९८५ या काळात लागोपाठ १०९ सामने जिंकले आणि १९८४ मध्ये चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा घेतल्या. त्या काळात एकेरीतील अव्वल खेळाडू दुहेरी खेळतच असत. दुहेरी न खेळणे हा अपवाद होता.

मग बिघडले कोठे? खेळाचा वेग वाढला, रॅकेट बदलल्या, बेसलाइनवरून होणारी झुंज लांबली आणि एकेरीच्या सात फेऱ्यांनी शरीर पिळून निघू लागले, हे एक कारण. विल्यम्स भगिनींनी दुहेरीच्या चौदा ग्रँड स्लॅम अंतिम फेऱ्या गाठून चौदाही जिंकल्या, तेव्हा हे कारण अगदी अटळ होते असे म्हणता येणार नाही. पण त्या दोघी घरच्या घरी सराव करणाऱ्या बहिणी होत्या आणि हव्या त्या वेळीच खेळत होत्या. खरे कारण पैशाचे आहे.

२०१५ मध्ये विम्बल्डनच्या एकेरी विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड मिळाले. महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळाले ३ लाख ४० हजार, म्हणजे प्रत्येकीला १ लाख ७० हजार. एकेरीच्या सुमारे एक-अकरांश. २०२५ मध्ये एकेरीची रक्कम ३० लाख पौंड झाली आणि दुहेरीची जोडीला ६ लाख ८० हजार. गुणोत्तर थोडेसे सुधारून एक-नवमांशाच्या आसपास आले. त्याच वर्षी एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरून घरी जाणाऱ्या खेळाडूला ६६ हजार पौंड मिळाले, तर दुहेरीत लागोपाठ सहा सामने जिंकून चषक उचलणारीच्या वाट्याला ३ लाख ४० हजार आले. २००७ पासून विम्बल्डनमध्ये स्त्री आणि पुरुष यांची बक्षिसे समान झाली आणि त्याचे सर्वत्र स्वागत झाले. एकेरी आणि दुहेरी यांच्यातील ही दरी मात्र कोणाच्याच समतेच्या हिशेबात बसत नाही.

यावर संयोजकांचे उत्तर ठरलेले असते. तिकिटे एकेरीच्या नावावर खपतात, दूरचित्रवाणी एकेरीसाठी पैसे मोजते, तेव्हा पैसाही तिकडेच जाणार. हे उत्तर खोटे नाही. पण ज्या सामन्याला सायंकाळी उशिराचा, उरलेला वेळ द्यायचा, ज्याची प्रक्षेपणात जागा सर्वांत शेवटी ठरवायची, तो बघायला लोक येत नाहीत अशी तक्रार त्यानंतर करायची, हे जरा अतिच झाले. लोकांनी न पाहिलेल्या गोष्टीला मागणी नसते. शिवाय प्रशिक्षक, फिजिओ, विमानप्रवास, हॉटेल यांचा खर्च दुहेरी खेळणारीला अर्धा लागत नाही.

पैशाहूनही अधिक नुकसान केले ते नियमांनी. साधारण वीस वर्षांपासून ग्रँड स्लॅम वगळता व्यावसायिक स्पर्धांतील दुहेरीत दोन गोष्टी रूढ झाल्या. ड्यूस झाल्यावर पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो, आणि एकेक सेट बरोबरीत सुटला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर खेळवला जातो. सामना तासा-दीड तासात उरकावा, वेळापत्रक बिघडू नये आणि एकेरीच्या नामवंतांनीही अधूनमधून दुहेरीत उतरावे, असा त्यामागचा हेतू. वेळापत्रक सुधारले, यात शंका नाही. पण २०१५ च्या विम्बल्डनचा अंतिम सामना या नियमांनी खेळवला गेला असता तर काय झाले असते? एकेक सेट झाल्यावर दहा-बारा मिनिटांत सोक्षमोक्ष लागला असता. २-५ हा धावफलक कधी दिसलाच नसता, पाच गेमची ती चढाई झाली नसती, छप्पर ओढावे लागले नसते. कदाचित सानिया-हिंगीस तरीही जिंकल्या असत्या, कदाचित हरल्या असत्या. पण त्या कशा प्रतीच्या खेळाडू आहेत हे कळले नसते.

ही केवळ कल्पना नाही. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या अखेरीस, सिंगापूर येथे वर्षातील निवडक जोड्यांची अंतिम स्पर्धा झाली. उपांत्य फेरीत याच चौघी समोरासमोर आल्या. पहिला सेट सानिया-हिंगीसने ६-३ असा घेतला, दुसरा माकारोवा-वेस्निनाने ६-२ असा, आणि मग दहा गुणांच्या टायब्रेकरमध्ये रशियन जोडीने १०-६ अशी बाजी मारली. सामना संपला. त्याची आठवण आज किती जणांना आहे? विम्बल्डनच्या त्या तिसऱ्या सेटची आठवण मात्र अजून निघते. दुहेरीला प्रेक्षक नाही म्हणून तिला छाटायचे आणि छाटल्यामुळे तिच्यातले नाट्य गेले की पुन्हा प्रेक्षक नाही म्हणायचे, असे हे दुष्टचक्र आहे.

२०२५ मध्ये अमेरिकन स्पर्धेने याच विचाराचे पुढचे पाऊल टाकले. महिला दुहेरीला त्यांनी हात लावला नाही, पण मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेतून उचलून आधीच्या आठवड्यातील दोन दिवसांत आणली. सोळाच जोड्या, बहुतेक एकेरीतील तारे-तारका, अंतिम फेरीपर्यंत चार-चार गेमचे सेट आणि विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. आदल्या वर्षी हीच रक्कम दोन लाख डॉलर होती. प्रेक्षक आले, स्टेडियम भरले, हेही मान्य केले पाहिजे. गंमत अशी की जिंकली ती सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी ही गतविजेती इटालियन जोडी. दुहेरीवरच पोट असणाऱ्या जवळजवळ सर्वांना बाहेर ठेवून भरवलेल्या मेळ्यात दुहेरीतल्याच मुरलेल्यांनी इगा श्वियाँतेक आणि कास्पर रूड यांना हरवले. लहान सेट, मोठी नावे, झगमगाट, सगळे बाजूला राहिले आणि कोणी कोठे उभे राहायचे हे ज्यांना कळत होते ते जिंकले. एर्रानी तेव्हा ३८ वर्षांची होती. त्याच वर्षी जास्मिन पावलिनीसह तिने फ्रेंच स्पर्धेत महिला दुहेरीचे विजेतेपदही मिळवले होते.

वयाचा उल्लेख आला तो मुद्दाम. दुहेरीची एक बाजू अशी आहे की ती शरीराला दुसरी संधी देते. सानियाचा जन्म मुंबईचा, वाढ हैदराबादची. २००३ मध्ये तिने अलिसा क्लेबानोवाच्या साथीने विम्बल्डनमधील मुलींची दुहेरी जिंकली. २००४ मध्ये हैदराबादच्या स्पर्धेत लिझेल ह्यूबरसह दुहेरीत आणि २००५ मध्ये त्याच स्पर्धेत एकेरीत तिने विजेतेपद मिळवले. २००७ मध्ये एकेरीच्या क्रमवारीत ती २७ व्या स्थानी पोचली. त्याहून वर कोणतीही भारतीय स्त्री आजवर गेलेली नाही. पुढे मनगटाने साथ सोडली, गुडघ्यांनी त्रास दिला, शस्त्रक्रिया झाल्या आणि एकेरी बंद करण्याचा निर्णय तिला घ्यावा लागला. हिंगीसचेही तसेच. घोट्याच्या दुखण्याने बाविसाव्या वर्षी पहिली निवृत्ती, मग पुनरागमन, पुन्हा निवृत्ती, आणि २०१३ मध्ये ती परतली ती दुहेरीसाठीच. विम्बल्डनची महिला दुहेरी तिने १९९६ मध्ये पंधराव्या वर्षी हेलेना सुकोवासह जिंकली होती आणि १९९८ मध्ये याना नोवोत्नासह. सानियाबरोबर ती पुन्हा जिंकली तेव्हा मध्ये सतरा वर्षे गेली होती.

तेव्हा 'एकेरीत जमले नाही म्हणून दुहेरी' या वाक्यात तथ्याचा अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सानियाने दुहेरी निवडली ती तिच्या शरीराने एकेरी नाकारल्यावर. पण तेथपर्यंतच. निवडल्यानंतर तिने जे केले ते आपोआप झालेले नाही. एकेरी सोडलेल्या शेकडो खेळाडूंपैकी ९१ आठवडे दुहेरीत अग्रस्थानी राहण्याचे काम मोजक्याच जणींना जमले आहे.

जोडी म्हणून या दोघींचा इतिहास मोठा थोडक्यात आटोपला. मार्च २०१५ मध्ये त्या एकत्र आल्या आणि इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्स्टन अशा पहिल्या तिन्ही स्पर्धा त्यांनी जिंकल्या. यांतील पहिल्या दोन्ही अंतिम फेऱ्यांत समोर माकारोवा-वेस्निनाच होत्या. चार्ल्स्टननंतर सानिया दुहेरीच्या क्रमवारीत पहिली आली. विम्बल्डनपाठोपाठ अमेरिकन, मग ऑस्ट्रेलियन. लागोपाठ ४१ सामने त्या हरल्या नाहीत. ही मालिका फेब्रुवारी २०१६ मध्ये दोह्यात खंडित झाली आणि ऑगस्टमध्ये जोडीच फुटली. दोनच आठवड्यांत सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत सानिया बार्बोरा स्ट्रायकोवासह एका बाजूला आणि हिंगीस कोको वँडेवेगेसह दुसऱ्या बाजूला, असा सामना रंगला. सानिया जिंकली आणि क्रमवारीत एकटी पहिली झाली. मात्र वर्षभराच्या गुणांवर जोडी म्हणून पात्र ठरल्यामुळे सिंगापूरला दोघी पुन्हा एकत्र उतरल्या, त्याचा उल्लेख वर आलाच आहे. क्रमवारी व्यक्तीची असते आणि विजय जोडीचा, हा या व्यवसायातला मूळ पेच आहे. चार स्पर्धा वाईट गेल्या की दोघींचेही गुण घसरतात, आणि मग मैत्री कितीही असली तरी दुसरी भागीदार शोधणे हा शहाणपणाच ठरतो. आपल्याकडे पेस-भूपतींच्या फुटण्याने जे महाभारत घडले, त्या मानाने हे दोघींनी फारच सभ्यपणे पार पाडले, एवढे नोंदवायला हवे.

आता आपल्याकडे वळू. २०१५ च्या त्या विम्बल्डनमध्ये भारताच्या वाट्याला तीन विजेतेपदे आली. शनिवारी सानिया, रविवारी पेस (तोही हिंगीसच्याच साथीने, मिश्र दुहेरीत) आणि त्याच दिवशी मुलांच्या दुहेरीत व्हिएतनामच्या ली होआंग नामसह सुमित नागल. तिन्ही दुहेरीची. ज्या देशाची टेनिसमधील सगळी अलीकडची मिळकत दुहेरीची आहे, त्या देशाने दुहेरी शिकवण्याची काही व्यवस्था उभी केली असेल, असे बाहेरच्याला वाटावे. प्रत्यक्षात आपल्या अकादमींत मुलींना शिकवली जाते ती एकेरी. दुहेरी म्हणजे एकेरीतून लवकर बाद झाल्यावर स्पर्धेच्या गावी उरलेले दोन दिवस भरून काढण्याची सोय. भागीदार अनेकदा स्पर्धेच्या ठिकाणी पोचल्यावर ठरते, आणि पुढच्या आठवड्यात दुसरीच असते. अशा रीतीने शंभर सामने खेळूनही जोडी तयार होत नाही.

यात स्पर्धांच्या अभावाचाही वाटा आहे. सानिया घडत होती त्या वर्षांत हैदराबाद, कोलकाता, बंगळूर येथे महिलांच्या मुख्य मालिकेतील स्पर्धा होत होत्या. जगातील नावाजलेल्या खेळाडूंबरोबर घरच्या कोर्टवर दुहेरी खेळण्याची संधी तिला वयाच्या सतराव्या वर्षी मिळाली. २००८ च्या बंगळूरनंतर मात्र या दर्जाची पुढची स्पर्धा थेट २०२२ मध्ये चेन्नईत झाली. चौदा वर्षे, म्हणजे खेळाडूंची एक अख्खी पिढी. दरम्यान पुण्यात आणि मुंबईत त्याखालच्या दर्जाच्या स्पर्धा झाल्या. मुंबईची क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवरील स्पर्धा २०२४ आणि २०२५ मध्ये भरली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. सानिया फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा सामना खेळून निवृत्त झाली. तिच्यानंतर एकाही भारतीय स्त्रीने ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवलेले नाही.

आणि तरीही, आपल्या महिला संघाचे भवितव्य ज्या सामन्यांवर ठरले ते बहुतेक दुहेरीचेच होते. बिली जीन किंग चषकाच्या लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी असते. दुहेरी शेवटी. एकेरीत १-१ झाले की सगळा भार तिच्यावर. मार्च २०२० मध्ये दुबईत, ही स्पर्धा फेड चषक या नावाने ओळखली जात असताना, इंडोनेशियाविरुद्ध अशीच १-१ बरोबरी झाली. सानिया आणि अंकिता रैना यांनी दुहेरी जिंकली आणि भारत प्रथमच जागतिक गटाच्या प्लेऑफला पात्र ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले ते महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने. तोही सामना पहिला सेट गमावल्यानंतर फिरवलेला.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानियाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सानियाची भागीदार म्हणून तिची निवड झाली, तेव्हा जगातील पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला क्रमवारीत एवढ्या खालची जोडीदार द्यावी लागते, याबद्दल पुष्कळांनी नाके मुरडली. त्या दोघी पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई-झँग शुआई यांच्याकडून तीन सेटच्या चुरशीच्या लढतीत हरल्या. दोष प्रार्थनाचा नव्हता. सानियाला तोडीची भारतीय भागीदार मिळावी म्हणून त्याआधीच्या दहा वर्षांत कोणी काही केले नव्हते, आणि ती जबाबदारी ऑलिम्पिकच्या महिन्यात एका मुलीच्या खांद्यावर टाकण्यात आली.

प्रार्थना खेळत राहिली. मोठी प्रायोजकी नाही, एकेरीतले नाव नाही, दुहेरीच्या जोरावर छोट्या-मोठ्या स्पर्धांची गावे पालथी घालणे एवढेच. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या संकुलात किंग चषकाची आशिया-ओशेनिया गटाची फेरी झाली. शेवटच्या दिवशी दक्षिण कोरियाविरुद्ध प्लेऑफची जागा पणाला लागली होती. एकेरीचे दोन सामने झाले, १-१ अशी बरोबरी झाली, आणि दिवसातला तिसरा सामना म्हणून दुहेरीची पाळी आली. कोर्टवर उतरल्या अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे. तो सामना त्यांनी जिंकला.